ओढ्याची फुग

आमचे सुभेदार बाळासो मूळचे माण तालुक्यातले. टँकरच्या पाण्यावर वाढलेला गडी, आन त्याला पलूसजवळच्या नदीकाठच्या सहलीच्या तंबूंवर राखणीला ठेवलं. आता काय म्हणायचं! मी तिथं पाव्हण्यांसाठी भाकरी थापते. जन्म माझा किस्नेकाठी गेला.

माणूस लय सरळ, खोटं कशाला बोलू. पलटणीत वीस वर्षं काढलेली. तंबूचा दोर सैल दिसला की सोताला शिव्या द्यायचा. पण दुसऱ्याचं ऐकायचा न्हाई. बायामाणसाचं तर न्हाईच.

ऑगस्टात वर कोयनेकडं पाऊस कोसळत हुता, हितं मात्र चक्क ऊन. सुभेदारानं नदीत खुणेची काठी रोवली आन दर तासाला बघायला लागला. "काठ अजून दहा फूट वर हाय, घाबरायचं न्हाई," असं माधवनगरच्या सन्मतीला सांगितलं. सन्मती, त्याची बायको भाग्यश्री आन दोन चिमुरड्या पोरी, एवढेच पाव्हणे हुते.

मी म्हणलं, "आवं सुभेदार, म्होरं काय बघताय? नदी वाढली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरतंय, मागनं ओढ्याला फुग चढती. काठ बुडायच्या आधी ओढ्यावरचा रस्ता जातुय."

"हरणाबाई, तुमी भाकरीचं बघा," म्हणला. पाव्हण्यांदेखत! भाग्यश्री हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पीठ परातीत तसंच टाकलं आन बाराच्या सुमाराला घरची वाट धरली.

ओढ्याच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर आले तर पाणी उलटं चढत हुतं. गढूळ, कसला आवाज न्हाई. फरशी बुडायला वीतभर कमी. तिथनं हाक मारली असती तर सुभेदाराला ऐकू गेली असती. न्हाई मारली. म्हणलं, कळू दे एकदा.

घरी जेवणाचं ताट तसंच सारलं. तीनला पळत आले तर फरशी दिसंना. म्होरं नदी, मागं ओढा, मधी ते तंबू. गावात फोन केला, तर पुरातनं माणसं काढायची बोट दुसऱ्या गावाला गेलेली. कवा येईल, कुणालाच ठावं न्हाई.

पल्याड सुभेदार पाण्यात उभा, दोन्ही पोरी खांद्यावर, मागं सन्मती आन भाग्यश्री. मला बघून त्याचं तोंड उजळलं.

"हरणाबाई, दुसरी वाट हाय का?"

"न्हाई वं!"

"मग तुमी कुठनं गेला?"

"फरशीवरनंच. दुपारी." मी म्हणलं. "तवा दिसत हुतं मला पाणी चढताना."

त्यानं पोरींना खांद्यावर आणखी वर सरकवलं. पाणी त्याच्या मांड्यांला लागलं हुतं.