आत्याने घर उसवलं

माझी आत्या शिंपीण. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे उसवून, सैल करून, कॉलरी उलटवून पुन्हा वापरात आणले. जुनं टाकून द्यायचं असतं हे तिला मान्यच नाही. त्यामुळे बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, ती राहत होती ते आजोबांचं घर पाडायचं काढलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, माप न घेताच फाडायला निघालास?"

बाबांनी तीन महिने दिले. तेवढ्यात घर राहण्याजोगं झालं तर ठीक, नाहीतर बिल्डरच्या कागदावर सही आणि आत्याची रवानगी सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आत्या स्टुलावरसुद्धा कुणाचा तरी हात धरून चढते.

दुसऱ्या दिवशी ती गळ्यात टेप अडकवून भिंतींची मापं घेत होती. मी सुट्टी टाकून तिच्या हाताखाली गेले आणि आमच्या घराण्यात वेडेपणा कुठून आला ते मला कळलं. तिने शिवणकामाच्या खडूने भिंतीभर रेघा मारल्या. फुगलेलं प्लास्टर तेवढं काढायचं, धड असेल त्याला हात लावायचा नाही.

"ताई, सगळंच पाडलं तर लवकर उरकेल," गवंडी म्हणाला.

"कॉलर विरली की तुम्ही शर्ट फेकता?"

गवंड्याने गुपचूप स्वतःची कॉलर चाचपली. ती आत्यानेच उलटवून दिलेली होती.

वरची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची. आत्याकडे चाळीस वर्षांच्या चिंध्यांची पोती होती. उन्हात वाळवून आम्ही त्या पत्र्याखालच्या फळ्यांवर ठासून भरल्या. "हे अस्तर," ती म्हणाली. खोली खरंच गार झाली. मला इतका आनंद झाला की मी आत्याला धरून गिरकी घेतली आणि दोघी धुळीत आपटलो.

मग खिडक्या. मागची शेड मोडून निघालेल्या लाकडाच्या अकरा चौकटी करायच्या होत्या. मापं अर्थात आत्याने दिली. चौकटी आल्या आणि एकही भिंतीत बसेना. प्रत्येक चौकट चारी बाजूंनी इंचभर मोठी.

आत्या मटकन खाली बसली. "मी शिवणीसाठी जागा सोडली गं."

कापल्या तर सांधे सुटतील, सुतार म्हणाला. भिंत तासली तर ढासळेल, गवंडी म्हणाला. बाबा परवा येणार होते. आत्या रडायला लागली आणि घर गेलं असंच मला वाटलं.

डोळे पुसता पुसता तिची नजर गवंड्याच्या खिशावर गेली. "खिसा आपण भोकात कोंबतो का? वरून लावतो," ती म्हणाली आणि ताडकन उठली. अकराही चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाने लावल्या. आत भिंतीची हातभर जाडी मोकळी राहिली, तिथे गवंड्याने गुळगुळीत गिलावा केला.

बाबा कागद घेऊनच आले. भिंती ठोकल्या, नळ सोडून पाहिले, वरच्या खोलीत भर दुपारी पाच मिनिटं उभे राहिले. आत्या ब्लाउजच्या बाहीत टाके घालत होती, सुईत दोरा नव्हता.

खाली येऊन बाबा खिडकीतल्या त्या हातभर जागेवर टेकले. वारा आला. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले, पाठ भिंतीला लावली. कागद घसरून खाली पडला, पण ते उतरले नाहीत.

"दादा, किती वेळ बसणार आहेस?" आत्याने घाबरत विचारलं.

"ही खिडकी माझी," बाबा म्हणाले. "तू दुसरी घे. दहा आहेत."