शेवटच्या पानावरचं मत

डांबरगोळीचा वास आला की मला वाचनालयातलं ते पुस्तकाचं कपाट आठवतंय, लगीन होऊन इचलकरंजीला आल्ते, आमचं मालक कापडाच्या मागावर बारा-बारा तास, पोरगी अंगावर पीत हुती, बोलायला कोण न्हाय, म्हणून आपली पुस्तकं आणायची. तिथं वाचणारी माणसं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिवायची. एक पुस्तक हुतं, गुंडांच्या टोळीत नाव बदलून ऱ्हायलेल्या पोलिसाचं. त्यावर कुणी लिवलेलं, "शेवट आदीच कळतोय," कुणी, "असला एक पोलीस आमच्या गल्लीत पाठवा की!" मी लिवलं, "त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कोण न्हाय, लई वाईट वाटलं. माझंबी नाव लग्नात बदललंय." खाली माहेरचं नावबी लिवलं आणि पुस्तक परत दिलं. आठ दिवसांनी सासऱ्यांनीच तिथनं दुसरी एक कादंबरी आणली, मला धडकीच भरली, उद्या ते पुस्तक आणून त्यांनी माझं लिवलेलं वाचलं म्हंजे? पोरीला काखंला घेऊन, खोडरबर मुठीत धरून पळतच गेले. पुस्तकं देणारे काका म्हणाले, "काय गं पोरी, परत तेच? पाठ करतीयास काय?" पान उघडलं, तर माझ्या मताखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिवलेलं, "व्हय बाई, माझंबी बदललंय." मला रडूच आलं. तेवढ्यात दारात सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, आणि मी घाईघाईनं माझं तेवढं पुसून टाकलं. तिचं तसंच ऱ्हायलं. आता वाटतंय, ती परत बघायला आली असंल, आणि वर कोणच न्हाय बघून तिला काय वाटलं असंल.