ड्रायव्हरच्या सीडीला हळदकुंकू

फ्लेक्सच्या दुकानात कापलेल्या तुकड्यांचा ढीग रोज झाडून टाकता येतो, किश्श्यांचा नाही. २००८ च्या आसपास कुडव्याला हेमराजभाऊंच्या दुकानात मी ऑपरेटर होतो. तिथे बसलेले काही धक्के अजून उतरले नाहीत.

पहिला धक्का मशीन आलं त्याच दिवशी. दहा फुटी प्रिंटर. कॉम्प्युटरने तो ओळखावा म्हणून लागणारा ड्रायव्हर एका सीडीवर, आणि ती सीडी एकच. भाऊंनी पूजा मांडली, नारळ फुटला. मी सीडी उचलून पालथी केली. कॉम्प्युटर वाचतो त्या चमकत्या बाजूवर हळदकुंकवाची पाच बोटं, वर तांदूळ.

"भाऊ, इथे कायले लावलं?"

"त्या बाजूले नाव लिवलं होतं. खराब होईन म्हणून इकडे लावलो."

बनियनने पुसून पुसून सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली. ड्रायव्हर इन्स्टॉल झाला! भाऊ आजही म्हणतात, "पूजा केली म्हणून चालली."

पुढच्याच महिन्यात कामठ्याच्या लग्नाचं बॅनर. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'मिरर'वर टिक राहून गेली होती. पूर्ण बॅनर छापून झाल्यावर पाहतो तर नवरा-नवरीची नावं आरशातल्यासारखी उलटी. वरात चार वाजता, आणि नवरदेवाचे मामा न्यायला दारात उभे.

मामांनी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. "मंडपातून बाहेर जाणाऱ्याले सुलटं दिसन काय?"

"नाही दिसणार."

"मग दुसरं काढ. मी बसून राहतो."

ते मशीनला खुर्ची लावून बसले. दुसरं बॅनर निघेपर्यंत प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत होते.

एकदा सकाळी सॉफ्टवेअरच उघडेना. ड्रायव्हर दोनदा काढला, दोनदा टाकला. शेवटी नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "पहले डोंगल देखो."

डोंगल म्हणजे पेनड्राईव्हसारखी दिसणारी किल्ली. ती लावल्याशिवाय मशीन हलत नाही. कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं, जागा रिकामी.

दुपारी भाऊंचे साळे आले. खिशातून डोंगल काढून टेबलावर ठेवलं आणि वैतागून म्हणाले, "कसला पेनड्राईव्ह ठेवता जी? तीन दुकानं फिरलो, एक गाणं नाही धरलं यानं."

मग नवा कॉम्प्युटर आला. ड्रायव्हर परत टाकला, रंग जुळवले आणि पहिली फाईल लावली ती श्रद्धांजलीची. ऑर्डर भाऊंनी घेतलेली, मी फाईल नीट पाहिलीही नव्हती. बॅनर न्यायला चोरखमारा गावाकडचे एक आजोबा आले होते, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून. बसा म्हटलं तर बसले नाहीत, मशीनजवळच उभे राहिले.

छपाई वरून खाली, पट्टी-पट्टीने निघते. आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं. मग पांढरा दुपट्टा. मग कपाळ. मग डाव्या भुवईवरची जुन्या जखमेची खूण. मग डोळे.

मी सहज आजोबांकडे पाहिलं. डाव्या भुवईवर तीच खूण.

माझा हात बटणावर गेला. मशीन थांबलं.

"थांबवला काऊन, बाबू?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणालो, "आजोबा, यात तारीख नाही."

"तेवढी जागा मोकळी सोड," ते म्हणाले. "बाकी काढून घे."