मामाजींचे वाढते दात

भंडारा जिल्ह्यात मशिनीपेक्षा ज्याच्या दाताला जास्त मान मिळाला असा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी त्यांना मामाजी म्हणतो. शेतकरीही, का कोण जाणे, तेच म्हणतात. राहायला आंधळगावला, कामाला तुमसरच्या एका राइस मिलमध्ये, आणि काम धान पारखायचं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर धान काढायचं, तळव्यावर चोळून फुंकर मारायची आणि उघडा पडलेला दाणा समोरच्या दातांखाली धरायचा. कट्ट वाजला तर धान कोरडं, नुसता चेपला तर ओलं. ओलावा मोजायचं मशीन मिलमध्ये केव्हाच आलंय, पण शेतकरी त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. "आधी मामाजीचा दात, मंग तुमची बॅटरी," म्हणत. मामाजींनी एकदा सांगितलं की मालकही त्यावर दुसरं बोलत नसे.

या दातांची मामाजी जी काही निगा राखत, तिला निगा म्हणावं की मारहाण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी उठल्याबरोबर गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचं ते काळं मंजन, बोटावर घेऊन अंगणात अर्धा तास येरझारा. त्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर हातवाऱ्यांनी मिळे. त्यानंतर ब्रश. दुकानदारानं एकदा मऊ ब्रश दिला तर "हा का लेकराचा झाडू हाये?" म्हणून त्यांनी तो परत केला आणि कडकातला कडक मागून घेतला. त्या ब्रशनं पाण्याचा पितळी गुंड घासावा तसे ते दात घासत. आमच्या घरी मुक्कामाला असताना एकदा ब्रश तोंडातच मोडला, तर गडी थांबला नाही. उरलेल्या अर्ध्या तुकड्यानं काम पुरं करूनच बाहेर आला. चूळ लालसर निघे, तिच्याकडे बघून म्हणत, "खराब रगत हाये, जाऊ द्या." एकदा बायकोनं थंडगार पाण्याचा गिलास दिला, तर पहिल्याच घोटाला ते खुर्चीतून उडाले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या फ्रीजमंदी करंट उतरला हाये. वायरमनले दाखवा."

मी हसलो. तिथूनच माझ्या हसण्याला सुरुवात झाली.

पुढच्या दिवाळीत आंधळगावला गेलो तर मामाजींनी मला अंगणात उन्हात बसवलं, दोन्ही बोटांनी ओठ ताणले आणि म्हणाले, "तुमी सायन्सचे मास्तर. सांगा बरं, माहे दात वाढून राह्यले का नाई?" दात खरोखर लांब दिसत होते, आणि हिरडीजवळ पिवळसर. चेहऱ्यावर असा अभिमान की काय सांगू. "साठीत लोकायचे दात पडते. माहे वाढून राह्यले."

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मला माहीत होतं. त्याच वर्षी भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझंच तोंड बघून मला चांगलं झापलं होतं. दात वाढत नसतात मास्तर, हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. म्हणून दात लांब दिसतो, म्हणून थंड पाणी झोंबतं. कडक ब्रश, तंबाखू, हिरडीखाली साचलेलं कीटण, हे सगळं तिला ढकलतं. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. पण वेळेत सफाई करून घेतली, तंबाखू सोडला आणि मऊ ब्रश हलक्या हातानं गोल फिरवला तर आहे ती टिकते. तसाच एक मऊ ब्रश त्या दिवशी माझ्या बॅगेत होता, त्याच घरात, दहा पावलांवर.

आणि मी म्हणालो, "हो मामाजी, उंदरांचे वाढतात तसे एखाद्या माणसाचेही वाढतात."

अंगणात जमलेल्या घरच्यांत हशा पिकला. मामाजी सगळ्यांत जास्त खूश, कारण मास्तरनं शिक्का मारला होता. मला वाटलं, एवढ्यावर संपेल. पण ते विचार करणारे गृहस्थ. उंदीर कुरतडतो म्हणून त्याचे दात आटोक्यात राहतात, तेव्हा आपणही दात झिजवले पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. गुडाखू दोन वेळा झाली, ब्रश आणखी जोरात, वर सुक्या उसाचं पेर चावायचं. दात मोजायला एक आगकाडी नखानं खूण करून खिशात ठेवली होती. कुठल्याही लग्नात मी लांबूनच विचारायचो, "मामाजी, यंदा किती?" ते आगकाडी काढून लावून दाखवायचे आणि मांडव हसायचा. दोन वर्षं मी ती मजा पुरवून खाल्ली. दर वेळी खरं सांगायला तोंड उघडायचो आणि तोंडातून नवीन गंमत निघायची.

मग गेल्या हंगामात एकदा तांदूळ आणायला मिलमध्ये गेलो. मामाजी त्यांच्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याचं धान पाहत होते. दाणा दाताखाली धरला. आवाज आला नाही. "ओला हाये, बापू."

"चार दिवस उन्हात होता, मामाजी. ओला कायचा?"

त्यांनी दुसरा दाणा धरला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला स्पष्ट दिसलं: दाणा तसाच राहिला आणि खालचा दातच मागे झुकला. "ओलाच हाये," ते म्हणाले. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एका शेतकऱ्यानं त्यांच्यासमोर मशीन मागितलं. मशिनीनं धान कोरडं ठरवलं. तो माणूस खाली बघून पोत्याचं तोंड बांधत राहिला. मामाजींनी हातातलं धान पोत्याच्या कडेला ठेवलं आणि हात धोतराला पुसत राहिले, पुसतच राहिले.

दोन दिवसांनी मी त्यांना भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मामाजींच्या तोंडावर दिवा धरला आणि एकेक दात हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "बाबा, दात वाढले नाहीत, हिरड्या उतरल्यात. दोन वर्षं आधी आला असता तर हे खालचे दोन राहिले असते. वाढले म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघू लागलो.

"कोनी नाई," मामाजी कापूस भरल्या तोंडानं म्हणाले. "माह्याच मनात आलं."

मी तिथेही गप्प राहिलो. माणूस किती हलका असू शकतो ते मला त्या खोलीत कळलं. परतताना बसमध्येही त्यांनी विषय काढला नाही. उलट शेंगदाणे घेतले आणि सगळे मला दिले, त्यांना चावायची मनाई होती म्हणून. खालचे दोन दात गेले, शेजारचे बारीक तारेनं बांधले. गुडाखू सुटली. एका उघड्या मुळावर तोंडातल्या टाळूची कातडी लावता येईल असं बाई म्हणाल्या, तर "टाळूले कायले त्रास" म्हणून त्यांनी ते टाळलं. आता ते मऊ ब्रश वापरतात, आणि मधूनच मला फोन करून विचारतात, "गोलच फिरवाचा ना, जवाईबापू?" डॉक्टरांनी दाखवलेलं त्यांना पुरत नाही, माझा होकार लागतो.

या हंगामात मिलमध्ये गेलो तर मामाजी मशीन घेऊन बसले होते. एक म्हातारा शेतकरी मशिनीकडे पाठ करून उभा होता. "मामाजी, दात लावा," म्हणत होता. मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं, एक दाणा सोलला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. "तुमचे शाबूत हायेत. चावा आन सांगा."

मी चावला. कट्ट वाजला. "कोरडा आहे, मामाजी."

त्यांनी मशीन लावलंच नाही. "कोरडा हाये," म्हाताऱ्याला ओरडून सांगितलं, "आमच्या मास्तरनं पाह्यला." बॅगेतल्या त्या ब्रशचं मला तेव्हा तरी सांगायचं होतं. पण मामाजींचा हात पुढच्या पोत्यात गेला होता, आणि त्यांनी दुसरा दाणा माझ्यापुढे धरला.