टाचेवरचा बिब्बा आन वाळूतले आठ किलोमीटर

ये बाई, इकडं ये. अशी दारात काहून बसली? जवळ बस आन आधी पायातले मोजे काढ. लाजून नको राहू. तुले साखर आहे हे मले माहीत आहे, आन तू पाय लपवून राहिली हेही मले दिसते. मी रागावते, कारण मीही तेच केलं होतं. मी अकोल्याहून दोन दिवस तुमच्या गावात पाहुणी आली आहे, चहा होईपर्यंत माझं ऐकून घे.

अमरावतीच्या डॉक्टरनं माझ्या टाचेत चिमटा घातला तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. डिसेंबरचं पान होतं, खाली संत्र्याच्या बागेचं चित्र. चिमटा बाहेर आला तर त्याच्या टोकाले काळपट काहीतरी लागलेलं.

"आजी, दुखलं का?" डॉक्टरनं विचारलं.

"काय दुखलं?" मी म्हटलं.

त्याईनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला आन माझ्या पोरीकडं, वैशालीकडं पाहिलं. मग मले म्हणाले, "न दुखणं, हाच तुमचा आजार आहे."

त्याचं नाव डायबेटिक न्यूरोपॅथी. म्हणजे बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. पाय चालतो, वजन घेतो, पण खबर देत नाही. खिळा रुतो, निखारा लागो, वर डोक्याले काही कळत नाही. आन त्या टाचेले झालं होतं ते अल्सर, म्हणजे आत-आत जाणारी जखम. डॉक्टर म्हणाले, "पू हाडापर्यंत गेला असेल तर टाच वाचवणं कठीण. आणि टाच गेली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागतो. आज भरती व्हा."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मले पुढच्या महिन्यात वाळवंटात दहा किलोमीटर चालायचं आहे."

ते हसले नाहीत. "कशासाठी?" म्हणाले.

आता तुलेही ते सांगणं भाग आहे.

माझे बाबा हिवरखेडचे. दुसऱ्या महायुद्धात पलटणीसंगं समुद्रापार आफ्रिकेच्या वाळवंटात गेले आन तिथं शत्रूच्या हाती सापडले. कैद्याईले चार दिवस वाळूतून पायी चालवत नेलं. पाणी नावाले. बूट कोणाचे होते, कोणाचे नव्हते. बाबा ह्याबद्दल फार बोलत नसत. एकच वाक्य घरात राहिलं होतं, "जो बसला, तो तिथंच राहिला." मी लहानपणी जेवताना उगाच रेंगाळली तरी ते हेच म्हणायचे, आन मले वाटायचं जेवणाबद्दलच म्हणून राहिले.

त्या चालण्यात त्याईच्या टाचा फाटल्या त्या जन्मभर फाटक्याच राहिल्या. दर हिवाळ्यात ते बिब्बा घ्यायचे, सुईवर टोचायचे, दिव्यावर धरायचे आन त्याचं तापलेलं तेल थेंब-थेंब भेगेत सोडायचे. चर्र वाजायचं. बाबा दात आवळून म्हणायचे, "लागलं. म्हणजे बसलं." आपल्या वऱ्हाडात कोणत्या घरात हे नाही केलं, सांग.

वैशाली अमरावतीले शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिनं कुठंतरी वाचलं की राजस्थानात निवृत्त फौजी लोक दर जानेवारीत युद्धकैद्याईच्या आठवणीत मॅरेथॉन ठेवतात. तरणे लोक एकवीस नाहीतर बेचाळीस किलोमीटर पळतात, काही जण पाठीवर धान्याचं पोतं घेऊन चालतात. साठीच्या वरच्याले आन त्याईच्या सोबत्याले दहा किलोमीटर. प्रत्येकाच्या छातीवर एका कैद्याच्या नावाचं कार्ड लावतात. मी म्हटलं, माझ्या बाबाचं नाव आजपर्यंत कोणत्या दगडावर लिहिलं गेलं नाही. कार्डावर तरी लिहा. माझंही नाव टाक.

मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली, आता अकोल्यात राहते. तिथल्या मैदानावर रोज सकाळी फेऱ्या मारायले लागली. थंडी पडली, टाचा फुटल्या. मग मी काय केलं असेल? संध्याकाळी वंदना झाली, बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती जळतच होती. बिब्बा टोचला, धरला, तेल सोडलं. चर्र वाजलं. पण लागलं नाही. मले वाटलं, अजून बसलं नाही. दुसरा बिब्बा घेतला. मग तिसरा.

समजलं का तुले? लागलं की थांबायचं, एवढंच माप बाबानं शिकवलं होतं. आन माझा पाय मुका झालेला.

आठवडाभर मी त्याच टाचेवर मैदानात फिरली. वैशाली अकोल्याले आली, तिनं मोजा धुवायले उचलला आन नाकाजवळ नेऊन खाली टाकला. "आई, हा वास कशाचा आहे?" मी म्हटलं, "नवा बूट आहे, त्याचा असेल." गावभर बायाईले सांगत फिरली की लेकराची जखम झाकू नका, दवाखान्यात न्या. आन स्वतः बुटावर ढकलून मोकळी झाली. वैशालीनं माझं ऐकलं नाही, मले अमरावतीच्या त्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

भरती झाली त्या दिवशी एक्स-रे, रक्त, लघवी. एचबीए-वन-सी म्हणून रक्ताची एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची चहाडी सांगते. तपासणीच्या दोन दिवस आधी गोड सोडून तिले फसवता येत नाही. मी पूर्वी तेच करत होती. माझा आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, "आजी, हे तीन महिने तुम्ही लग्नातच जेवत होता का?" मी म्हटलं, "दोन लग्नं होती, आन एक बारसं."

दुसऱ्या दिवशी डेब्रिडमेंट. म्हणजे मेलेलं मांस कापून काढतात. मले भूल थोडीशीच लागली, ह्याचंच रडू आलं.

पायाच्या रक्तवाहिन्या पाहायले डॉपलर केलं. रक्त बऱ्यापैकी पोचत होतं, ही एक चांगली गोष्ट. मग हाडासाठी एमआरआय. त्याचा रिपोर्ट यायले दीड दिवस लागला. तो दीड दिवस मी वऱ्हांड्यातल्या लोखंडी बाकावर काढला. माझ्याजवळ सेमाडोहकडची एक म्हातारी बसलेली, तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिनं माझ्या पट्टीकडं पाहिलं.

"कशानं झालं?"

"बिब्ब्यानं."

"माझं गरम पाण्याच्या घमेल्यानं," ती म्हणाली. "सून म्हणे पाणी लय गरम आहे. मी म्हटलं, तू कोण सांगणारी, पाय माझा आहे." आन आपल्या रिकाम्या लुगड्यावर हात ठेवून ती हसली. "आता सुनेचं ऐकते."

मी हसली, पण तिच्या जागी मी मले पाहून राहिली होती. जानेवारीतली मॅरेथॉन गेली हे मी धरूनच चालली होती. आता एकच पाहिजे होतं, पाय राहू दे.

रिपोर्ट आला. डॉक्टर उभ्या-उभ्याच बोलले. "हाडाला लागलेलं नाही. जेमतेम वाचलंय. पाय राहील, पण एका अटीवर. टाच जमिनीला टेकवायची नाही. पाच महिने लागले तरी नाही."

त्याले ऑफलोडिंग म्हणतात, जखमेवरचं वजन काढून घेणं. एक उंच सोलचा बेढब बूट मिळतो, त्यात टाच अधांतरी राहते. मी वैशालीकडं अमरावतीलेच राहिली. एक दिवसाआड ड्रेसिंग. इन्सुलिनची सुई पोटात स्वतः टोचायले शिकली. अंगणवाडीत लेकराईचं वजन लिहायची तशी वही केली. सकाळची साखर, रात्रीची साखर, जखमेची लांबी-रुंदी. कोणी भेटायले आलं की पेढे आणायचं. मी डबा तसाच परत हातात द्यायची. लोकाईले राग आला, येऊ दिला.

जानेवारीत तो दिवस आला तेव्हा मी खाटेवर पाय उंच ठेवून पडली होती. वैशालीही माझ्यासाठी गेली नाही. मनात बाबाचं वाक्य होतं, जो बसला तो तिथंच राहिला. मी म्हटलं, मी बसलेली नाही, मले बसवलं आहे. पुढच्या वर्षी पाहू.

मे महिन्यात जखम भरली. टाच आता आतून खोलगट आहे, कातडी गुलाबी आन पातळ. डॉक्टरले मी पहिला प्रश्न विचारला, जाऊ का? ते म्हणाले, "धावायचं नाही. खास बूट घालायचे. दर दोन किलोमीटरला बसून बूट काढायचा आणि आरशात तळपाय पाहायचा. लाल डाग दिसला, तर जिथे असाल तिथे संपलं. हे कबूल असेल तर जा." मी म्हटलं, "कबूल." कबूल म्हणणं सोपं असते, बाई.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघी गेलो. वैशालीनं एकवीस किलोमीटर सोडून माझ्यासंगं दहाचंच घेतलं. पहाटेची थंडी अशी की बोटं वाकेनात. कार्डावर बाबाचं नाव होतं, वडिलांच्या नावासहित, खाली हिवरखेड. मी ते दोनदा वाचलं आन पिनेनं लावलं. तोंडात चिंचोका ठेवला. बाबा शेतात जाताना ठेवायचे, म्हणत तोंड सुकत नाही. तेव्हा मले नाही कळलं ते कुठं शिकले.

वाळूत चालणं म्हणजे पाऊल टाकलं की अर्धं मागं येते. दोन किलोमीटर, बसली, आरसा, पाय साफ. चार, साफ. सहा, साफ. बाजूनं जाणारा एक मिशीवाला निवृत्त सुभेदार म्हणाला, "माताजी, शृंगार हो रहा है?" मी म्हटलं, "हां भैया, पैर का." ऊन चढलं. मले वाटून राहिलं होतं की आता हे दहा माझेच.

आठव्यावर आरशात डाग दिसला. रुपयाएवढा, लाल, त्याच टाचेच्या काठावर.

मी आरसा उलटा केला. खरं सांगते. वैशाली पाणी भरायले गेली होती, तिनं पाहिलं नव्हतं. दोन किलोमीटर. पुढं शेवटच्या जागेचा झेंडा दिसत होता. दुखत तर काहीच नव्हतं. मी मोजा परत चढवायले घेतला.

सुभेदार पुढं गेला नव्हता, बाजूले उभा होता. त्यानं माझ्या छातीवरचं कार्ड वाचलं. "कौन थे?"

"बाप."

"पैदल ले गये थे?"

"चार दिवस. बसनेवाले को छोड देते थे."

तो पाठीवरचं पोतं खाली ठेवून माझ्याजवळ वाळूत बसला. "हम तो बैठ सकते हैं न, माताजी," म्हणाला.

मी मोजा हातात धरून बसली. बाबाच्या टाचा डोळ्यांपुढं आल्या. त्याईले दुखत होतं आन थांबायची सोय नव्हती. मले दुखत नव्हतं, पण थांबायची पूर्ण सोय होती. वैशाली पाण्याची बाटली घेऊन आली, तिले मी आरसा दिला. तिनं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आई, पट्टी लावून पाहायची का?" तिलेही वाटत होतं, दोनच तर राहिले.

"नाही," मी म्हटलं. "कार्ड काढ. तू लाव."

तिनं पिन काढली आन स्वतःच्या कार्डाखाली आज्याचं कार्ड लावलं. ती आन सुभेदार संगं गेले. मी मॅरेथॉनवाल्याईच्या जीपमध्ये बसून त्याईच्या बाजूनं गेली, अनवाणी, पाय समोरच्या सीटवर. वैशालीनं झेंडा ओलांडला तेव्हा माईकवाल्यानं बाबाचं नाव घेतलं, गावासकट. हिवरखेडचा उच्चार त्याले जमला नाही. मले जीपमधून उतरू दिलं नाही, म्हणून मी तिथूनच हात जोडले.

पदक मिळालं नाही. डाग चार दिवसांत गेला. डॉक्टरनं पाय पाहिला आन एवढंच म्हणाले, "आजी, दोनच किलोमीटर राहिले असताना तुम्ही खरंच थांबलात?" त्या पाच महिन्यांत ज्या सिस्टरनं माझं ड्रेसिंग केलं तिच्यासाठी मी वाळवंटातली वाळू पुडीत आणली होती. तिनं टेबलावरच्या काचेखाली ठेवली.

आता तुझा पाय दाखव. हे बघ, अंगठ्याजवळ ही चीर कधीपासून आहे? माहीत नाही ना. म्हणूनच. उद्या सकाळी दवाखान्यात जा, चपलेले दोष देत बसू नको, आन घरी बिब्बा असेल तर तो परसात फेकून दे.

आन दवाखान्यातून आली की अकोल्याले माझ्याकडं ये. लांबवू नको. भाकर-भरीत करीन, साखरेचं काही करणार नाही. दाराजवळ मी आरसा लावला आहे, घोट्याएवढ्या उंचीवर. लोक विचारतात, मांजरासाठी का. तू ये, आपण दोघी खाली बसू आन त्यात पाहू.