लग्नाचा कॅमेरा

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एका फोटोग्राफरकाकांचा स्टुडिओ होता. जवळच पळस्प्याला हायवेवर अपघात झाला की पंचनाम्याच्या फोटोंसाठी पोलीस त्यांनाच बोलवत. ते खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेऊन निघत. लेन्स बदलता येणारा मोठा फक्त लग्नांसाठी.

"मोठ्यात फोटो जास्त स्पष्ट येतो ना?" मी एकदा विचारलं.

"येतो. पन ज्यातून नवरी बघायची त्यातून मढं नाय बघायचं," एवढंच बोलून ते लेन्स पुसत बसले.

एका दुपारी हवालदार आला. हायवेवर ट्रकने एका म्हाताऱ्याला उडवलं होतं; खिशात ना कागद, ना फोन. ते छोटा कॅमेरा घेऊन दारापर्यंत गेले, थबकले आणि परत येऊन त्यांनी मोठा गळ्यात अडकवला.

"अहो, परवा लग्नाची ऑर्डर आहे ना तुमची?" मी म्हटलं.

"हाय. पन छोट्यात सगली मेलेली मानसं सारखीच दिसतात. ह्याला कोनीतरी वलखायला पायजे."

पोलिसांना फोटो देऊन त्यांनी एक प्रत स्वतःच्या शोकेसमध्ये लावली, नवरा-नवरींच्या मधोमध. गिऱ्हाइकं तोंड फिरवायची, तरी वर्षभर त्यांनी ती काढली नाही.

म्हाताऱ्याची चौकशी करत कोणीच आलं नाही. मी मात्र तो चेहरा आजही गर्दीत ओळखेन.