खालचं बटण बाळ्या

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दादांना खरं तर धाकटा भाऊच दादा म्हणायचा. त्याचं ऐकून सगळी गल्ली तसं म्हणायला लागली. माणूस भारी बोलका. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एकटे असले की लिफ्टशीच गप्पा मारायचे. पण एका दुपारी तिथलं जड झाकण उजव्या हातावर पडलं आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी अंगठा वळेना. तेव्हापासून दादा मिटूनच गेले. भावाचा फोन आला तरी "बरंय" एवढं म्हणून फोन बायकोकडे द्यायचे.

व्यायामासाठी मिळालेला रबरी चेंडू सोफ्याखाली धूळ खात पडला. शेवटी मुलीनं आपलं जुनं गेमचं मशीन टीव्हीला जोडलं आणि रिमोट बापाच्या हातात ठेवला.

"बाबा, यानेसुद्धा अंगठा हलेल."

"आता या वयात खेळत बसू?"

"काका खेळतात की! त्यांच्याबरोबर खेळा."

काका दूरच्या शहरात बेकरीत कामाला. दोघांची मशिनं वेगवेगळ्या कंपन्यांची, पण डोंगर चढायचा एक खेळ दोन्हींवरून एकत्र खेळता यायचा. दोन माणसं एका दोरानं बांधलेली. एक पडला की दुसराही गेलाच. फोन स्पीकरवर टाकून दोघा भावांनी सुरुवात केली.

"दादा, ए दाब! उडी मार!"

दादांनी मान खाली घालून ए अक्षराचं बटण शोधलं आणि दाबलं. त्यांच्या माणसानं उडी मारायची सोडून धरलेला दगडच सोडला. दोघंही दरीत. पुन्हा चढले, पुन्हा तेच.

"अरे, ए म्हणतोय मी!"

"एच दाबतोय!"

"मग बोट घसरत असेल तुझं."

हे मात्र दादांना लागलं. "हात मोडलाय माझा, डोकं नाही," म्हणाले आणि फोन बंद करून टाकला.

सकाळी घर रिकामं झाल्यावर ते एकेक बटण दाबून बघत बसले. खालचं दाबलं की माणूस टुणकन उडी मारत होता. आणि त्यावर लिहिलं होतं बी. दादांनी लगेच भावाला फोन लावला.

"तुझ्या रिमोटवर ए कुठे आहे रे?"

"खाली."

"माझा उजवीकडे आहे. खाली बी आहे."

"म्हणजे तुला दरीत मीच ढकलत होतो?"

"ढकलत होतास, आणि वर ओरडत होतास."

धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. किती तरी दिवसांनी दादाही हसले.

त्यानंतर दोघांनी अक्षरांचा नादच सोडला. लहानपणी त्यांच्या खोलीत दोन मजली पलंग होता. वर दादा झोपायचे, खाली धाकटा, ज्याला घरात बाळ्या म्हणत. उजव्या भिंतीला आईचं शिवणयंत्र, डावीकडे वडिलांची, म्हणजे अण्णांची खुर्ची. तीच नावं बटणांना पडली. "बाळ्या दाब! आता आई! आई, आई!" पहिल्यांदा हे ऐकून दादांची बायको कणकेच्या हातानंच धावत आली, तिला वाटलं, नवऱ्याचा हात पुन्हा दुखावला.

पुढे अंगठा बराचसा सुटला, पण जड काम काही झेपेना. दादा आता कंपनीच्या कचेरीत बसतात आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांना फोनवर धीर देतात. मशीनरूमची आठवण येते, असं म्हणतात. तक्रार मात्र करत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी भावांचा खेळ ठरलेला. हल्ली मासे पकडायचा एक खेळ मिळालाय. त्यात घाई नाही, ओरडणं नाही. दोघं आपापल्या घरी एकाच तळ्याकाठी बसतात. फोन चालू असतो, बोलत मात्र कुणीच नाही. मध्येच धाकटा विचारतो, "आहेस ना?" दादा म्हणतात, "आहे. गप्प बस, मासा आलाय."